एचएमएस बेलफास्ट पाहायला जाताना: शिड्या, डेक आणि साडेनऊशे खलाशांचा दिवस

लंडनमध्ये लंडन ब्रिज आणि टॉवर ब्रिज यांच्या मधोमध, थेम्सच्या दक्षिण काठाला एचएमएस बेलफास्ट ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, कायमची बांधून ठेवलेली आहे. लंडनला आलेली बरीच मराठी मंडळी टॉवर ब्रिजवरून तिचा फोटो काढतात आणि पुढे जातात. जे तिकीट काढून चढतात त्यांतलेही पुष्कळ जण तोफांपाशी उभे राहून तासाभरात परततात. ही नौका खरी समजते ती डेकच्या खाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे सुमारे 950 माणसं राहत होती. ती कुठे झोपायची, काय खायची, चार तासांची पाळी कुठे उभी राहून काढायची, हे पाहायचं असेल तर नौका उलट्या क्रमाने, म्हणजे खालून वर बघावी लागते. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

आधी थोडी ओळख

बेलफास्ट 17 मार्च 1938 रोजी पाण्यात उतरली आणि ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नौदलात दाखल झाली. लांबी 187 मीटर, एकावर एक नऊ डेक, चार बुरुजांत, म्हणजे तोफांच्या फिरत्या पोलादी खोल्यांत, मिळून सहा इंची बारा तोफा. 21 नोव्हेंबर 1939 रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ चुंबकीय सुरुंगाने तिचा कणा मोडला. दुरुस्तीला जवळजवळ तीन वर्षं लागली. पुढे आर्क्टिकमधल्या मालवाहू ताफ्यांचं रक्षण, डिसेंबर 1943 ची नॉर्थ केपची लढाई, जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा मारा आणि 1950 ते 52 कोरिया, असा तिचा प्रवास आहे. भंगारात जाण्यापासून तिला वाचवण्यात तिचे एकेकाळचे कप्तान आणि नंतरचे खासदार रिअर अ‍ॅडमिरल मॉर्गन मॉर्गन-जाइल्स यांचा मोठा वाटा होता. 21 ऑक्टोबर 1971 रोजी ती लोकांसाठी खुली झाली आणि 1978 पासून इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हिच्याशी एक सरळ नातं सांगता येतं. 1971 च्या युद्धात आपल्या पश्चिम ताफ्याचं ध्वजजहाज असलेली आयएनएस मैसूर ही मूळची ब्रिटिश क्रूझर एचएमएस नायजेरिया. तिच्या तोफा बेलफास्टच्याच जातीच्या, सहा इंची, एका बुरुजात तीन. मैसूर आता उरलेली नाही. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली जुनी विक्रांतही 2012 मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि 2014 मध्ये भंगारात गेली. त्यामुळे मैसूरवरचे आपले नौसैनिक कसल्या बुरुजात उभे राहून काम करत असतील, हे पाहायला आज बेलफास्ट ही फार चांगली जागा आहे.

निघण्याआधी

लंडन ब्रिज स्टेशनवरून टूली स्ट्रीटने चालत पाच-दहा मिनिटांत पोचता येतं. उत्तर काठावरच्या टॉवर हिल स्टेशनवरून आलात तर टॉवर ब्रिज ओलांडून यावं लागतं, पण त्या वाटेने नौकेची पूर्ण बाजू दिसते. तिच्या अंगावरचे करड्या-निळसर पट्टे हे युद्धकाळातलं छद्मरंग आहे. नौका लपवणं हा त्याचा हेतू नव्हता. दुरून पाहणाऱ्या शत्रूला तिची लांबी, वेग आणि दिशा यांचा अंदाज चुकावा, यासाठी आकाराच्या कडा मोडणारे हे पट्टे रंगवत. नौकेवर चढल्यावर ते कळत नाही, म्हणून आधी काठावरून नीट पाहून घ्या.

तिकिटाची वेळ ऑनलाईन ठरवून जा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. दुपारी शाळांच्या सहली आल्या की अरुंद शिड्यांवर रांग लागते. एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो, त्यामुळे दहा मुलांचा गट पुढे असेल तर दहा मिनिटं तिथेच जातात. नीट पाहायला तीन तास हाताशी ठेवा.

पायांत रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट हवेत. चप्पल शिडीच्या लोखंडी पायरीवर मागून निसटते, आणि उंच टाच पायरीच्या कडेला अडकते. साडी, ओढणी, लांब कोट यांचं टोक उतरताना वरच्या पायरीवर राहतं आणि आपलंच आपल्याला ओढ बसते. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, पण सलवार किंवा पँट अधिक बरी. पाठीवरची सॅक लहान ठेवा. मोठी सॅक झाकणाच्या, म्हणजे शिडीच्या तोंडाशी डेकमध्ये असलेल्या चौकटीच्या, कडेला अडकते आणि खाली उतरणारा माणूस मधल्यामध्ये लटकतो. तान्ह्या बाळाला पुढे बांधलं तर शिडीकडे तोंड करून उतरता येत नाही आणि मागे बांधलं तर त्याचं डोकं वरच्या नळांना लागतं, तेव्हा बाळ असेल तर दोघांनी आळीपाळीने खाली जावं.

आणखी एक गोष्ट. थेम्सला इथे समुद्राची भरती-ओहोटी लागते आणि पाणी कित्येक मीटर वर-खाली होतं. नौका पाण्याबरोबर वर-खाली होते, म्हणून काठावरून येणाऱ्या पुलाचा उतार दर तासाला वेगळा असतो.

शिडी उतरायची रीत

नौकेवरच्या शिड्या आपल्या जिन्यासारख्या नसतात, त्या जवळजवळ उभ्या असतात. खाली जाताना तोंड शिडीकडे, पाठ मोकळ्या जागेकडे. दोन्ही हात दोन्ही कठड्यांवर, म्हणजे मोबाईल आणि पाण्याची बाटली आधी खिशात किंवा पिशवीत. पाऊल पायरीवर आडवं न टाकता मधोमध टाका. खालचा माणूस शिडीपासून बाजूला झाल्याशिवाय वरच्याने पाऊल टाकू नये. डोकं सगळ्यांत जास्त लागतं ते शिडीचा शेवट आला असं वाटून मान वर केली की. झाकणाची पोलादी कड नेमकी तिथे असते.

दारांना उंच उंबरठे आहेत. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा म्हणून प्रत्येक दार पाणबंद केलेलं असतं आणि त्याची चौकट जमिनीपासून वर उचललेली असते. नवखा माणूस वर बघत चालतो आणि नडगी आपटून घेतो. दारापाशी थांबा, खाली बघा, पाय उचला, मग मान वाकवा, असा क्रम अंगवळणी पडायला चार-पाच दारं पुरतात.

पहिल्यांदा तळाशी

पिछाडीच्या लाकडी डेकवर पाय ठेवल्यावर लगेच तोफांकडे न वळता थेट बॉयलर आणि इंजिनाच्या खोल्यांकडे जा. सगळ्यांत कठीण शिड्या तिथे आहेत आणि पाय ताजे असताना त्या झालेल्या बऱ्या. तुम्ही पाण्याच्या पातळीखाली उतरता. बाजूच्या पत्र्याच्या पलीकडे नदी असते.

इथे चार बॉयलर आणि चार टर्बाईन आहेत, मिळून 80,000 अश्वशक्ती आणि वेग 32 नॉट, म्हणजे ताशी साधारण 59 किलोमीटर. बॉयलर-खोली, इंजिन-खोली, पुन्हा बॉयलर-खोली, पुन्हा इंजिन-खोली अशी रचना आहे. एकच टॉर्पेडो लागून सगळी यंत्रं एकदम बंद पडू नयेत, म्हणून ही विभागणी.

बॉयलर-खोलीला लागोपाठ दोन दारं का, हे लक्षात घ्या. भट्टीला भरपूर हवा मिळावी म्हणून पंख्यांनी संपूर्ण खोलीतच हवेचा दाब वाढवलेला असे. पहिलं दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडली तर दाब एका क्षणात उतरतो आणि भट्टीतली ज्वाळा तोंडातून बाहेर, उभ्या माणसांवर येते.

भट्टीत कोळसा नसून जाड तेल असे. ते गरम करून फवाऱ्यातून उडवत. हवा कमी पडली की धुराड्यातून काळा धूर, जास्त झाली की पांढरा. काळा धूर कित्येक मैलांवरून दिसतो आणि आख्ख्या ताफ्याचा ठावठिकाणा सांगतो, म्हणून तळाशी बसलेल्या, आकाश न पाहिलेल्या स्टोकरच्या, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या खलाशाच्या, हातात साऱ्या नौकेचा जीव असे. वाफेच्या नळाला बारीक भोक पडलं तर आणखी वाईट: अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाला कापत जाते. इथे गडबड न करता पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि झडपांची चाकं मोजू लागा. अंधार झाला, नौका एका बाजूला कलली, तरी नेमकं कुठलं चाक फिरवायचं हे त्या माणसाला हातानेच ठाऊक असावं लागे.

आंघोळीच्या पाण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी करत, पण त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. मिठाचा अंश गेला तर बॉयलरच्या नळ्या खराब होतात. उरलेलं पाणी माणसांना.

मेस डेक: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

मेस म्हणजे वीस-पंचवीस जणांचं घर. एक लांब टेबल, दोन बाकं, भिंतीला लहान कपाटं. तिथेच जेवायचं, पत्रं लिहायची, कपडे शिवायचे आणि रात्री त्याच टेबलाच्या वर झोपायचं. नौकेच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, भागात आर्क्टिकच्या काळातला मेस डेक उभा केलेला आहे. तिथे झोळ्या टांगलेल्या दिसतील.

झोळी लावायची पद्धत अशी. जाड कापडाच्या दोन्ही टोकांना दोऱ्यांचा पंखा असतो. तो छताच्या आकड्यांना बांधायचा, डोक्याकडच्या बाजूला एक लाकडी दांडी घालायची म्हणजे कापड तोंडावर मिटत नाही. सकाळी आत पांघरूण ठेवून झोळी लांबट गुंडाळायची आणि दोरीचे सात वेढे घट्ट आवळायचे. वेढे सैल राहिले तर गठ्ठा ठरलेल्या जागेत मावत नाही. नौका कितीही डोलली तरी झोळी आपल्या वजनाने सरळ लोंबत राहते, म्हणून वादळात खाटेपेक्षा झोळीत झोप चांगली लागते. अडचण जागेची. दोन झोळ्यांमध्ये हात घालायलाही जागा नसे, आणि मध्यरात्री पाळीवरून परतलेल्याला झोपलेल्यांच्या पाठीखालून वाकून आपल्या आकड्यापर्यंत जावं लागे.

पाळ्यांचं गणित मुलांना इथेच समजावून सांगा, त्यांना ते आवडतं. दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग केले आणि दोन गटांनी आळीपाळीने काम केलं, तर मध्यरात्रीची पाळी रोज एकाच गटाच्या वाट्याला येईल. म्हणून संध्याकाळच्या 4 ते 8 या पाळीचे दोन तुकडे केले, 4 ते 6 आणि 6 ते 8. भाग झाले सात, विषम, आणि पाळ्या आपोआप रोज बदलू लागल्या. दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोल वाढत जाई. आठ टोल म्हणजे चार तास संपले. धोक्याच्या समुद्रात चार तास काम, चार तास सुटी असं दिवसेंदिवस चाले, आणि त्या सुटीतच जेवण, धुणं आणि झोप. आर्क्टिकमध्ये बरेच जण कपडे न उतरवताच झोपत.

बाहेर गोठवणारी थंडी आणि आत माणसांचा श्वास, त्यामुळे पोलादी छतावर दव धरे आणि ते थेंब-थेंब अंथरुणावर पडे. डेकवर उडालेलं पाणी जागीच गोठे. तो बर्फ हातोड्यांनी, फावड्यांनी फोडून समुद्रात टाकावा लागे. हे निव्वळ साफसफाईचं काम नव्हतं. बर्फाचं वजन वरच्या बाजूला साठत गेलं की नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मोठ्या लाटेत कललेली नौका परत सरळ होत नाही.

जेवण गॅलीत शिजे. पाव नौकेवरच भाजत. ताज्या भाज्या थोड्या दिवसांत संपत, मग डब्यातलं. लढाईच्या तयारीत असताना टेबलाशी बसायला मिळत नसे. ज्याच्या त्याच्या जागेवर सँडविच आणि घट्ट कोको पोचवला जाई. हा कोको, खलाशांच्या बोलीत ‘काय’, चॉकलेटच्या दगडासारख्या लादीतून खरवडून उकळत्या पाण्यात ढवळत. मध्यरात्रीच्या पाळीचा तो मोठा आधार. दुपारी रम मिळे, वीस वर्षांवरच्या प्रत्येकाला रोज साधारण 71 मिलिलिटर; साध्या खलाशांना पाणी मिसळून, वरच्या हुद्द्याच्यांना निव्वळ. न पिणाऱ्याला त्याबदली दिवसाला तीन पेन्स. ही प्रथा 31 जुलै 1970 पर्यंत चालली. खलाशाच्या ताटात काय पडतं याला नौदलात किती महत्त्व असतं, हे मुंबईला वेगळं सांगायला नको: 18 फेब्रुवारी 1946 रोजी तलवार या नाविक तळावर सुरू झालेल्या उठावाची ठिणगी निकृष्ट जेवणातूनच पडली होती.

जवळच दवाखाना, दातांच्या डॉक्टरांची खोली, धुलाईखाना, टपालखोली आणि शिक्षेच्या कोठड्या आहेत. धुलाईखान्यापाशी एक नाव आठवणीने घ्यावं. बेलफास्टच्या पूर्वेकडच्या सफरीत चिनी कामगारही बरोबर असत. 29 जुलै 1952 रोजी कोरियाच्या किनाऱ्यावरून आलेला एक गोळा नौकेला लागला आणि लाउ सो हा चिनी सेवक मारला गेला. त्या सबंध मोहिमेत शत्रूच्या माऱ्याने नौकेवर झालेला तो एकमेव मृत्यू.

तोफा, पण गोळ्याच्या वाटेने

बुरुजात शिरण्याआधी खाली गोळ्यांची खोली पाहा. एक गोळा 112 पौंडांचा, म्हणजे सुमारे 51 किलो, एका सिमेंटच्या पोत्याएवढा. एका तोफेतून मिनिटाला आठपर्यंत गोळे सुटू शकत, म्हणजे डोलत्या नौकेत, कोंदट हवेत, न थांबता ही वजनं उचलून गोळे वर नेणाऱ्या पाळण्यावर चढवायची. गोळा आणि त्याला ढकलणारी दारू, म्हणजे कॉर्डाईट, वेगवेगळ्या खोल्यांतून, वेगवेगळ्या वाटेने वर येतं. 1916 च्या जटलंडच्या लढाईत आग बुरुजातून कोठारापर्यंत पोचून तीन मोठ्या ब्रिटिश नौका फुटल्या, आणि मधल्या वाटा ज्वाळाबंद ठेवण्याबद्दलची शिस्त त्यानंतर कडक झाली. माणसं डोक्यावर आणि हातांवर पांढरं ज्वाळारोधक कापड चढवत. कोठाराला आग लागलीच तर ते पाण्याने बुडवण्याच्या झडपा होत्या.

नॉर्मंडीत बेलफास्टने 6 जून 1944 च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास मारा सुरू केला आणि नंतर पाच आठवडे ती तिथेच होती. तोफांच्या हादऱ्यांनी खलाशांच्या संडासांची भांडी तडकली. पुढच्या दोन बुरुजांच्या तोफा आता सुमारे 20 किलोमीटरवरच्या, एम1 महामार्गावरच्या एका विश्रांतीस्थळावर रोखलेल्या आहेत. पल्ला किती होता हे लंडनकराला त्यावरून चटकन कळतं.

शेवटी वर, ब्रिजवर

वर जाताना एक सावधगिरी: दिसतं ते सगळं युद्धकाळातलं नाही. 1956 ते 59 मध्ये नौकेची मोठी सुधारणा झाली. उघडा ब्रिज, म्हणजे नौका चालवण्याची वरची जागा, बंदिस्त झाला, झोळ्यांच्या जागी खाटा आल्या, तिपाई डोलकाठ्या जाऊन जाळीच्या आल्या. (आर्क्टिक ताफ्यांच्या आठवणीखातर 2010 मध्ये रशियाकडून नव्या डोलकाठ्या भेट मिळाल्या.) युद्धात नौकेवर वॉलरस जातीची दोन विमानंही असत; त्यांचं उडवण्याचं यंत्र काढून टाकलेलं आहे. तेव्हा ब्रिजवरच्या काचा मनातून काढा आणि तिथे डिसेंबरचं वारं आणा.

26 डिसेंबर 1943 च्या सकाळी इथल्या रडारवर शार्नहॉर्स्ट ही जर्मन युद्धनौका उमटली. व्हाइस अ‍ॅडमिरल बर्नेट बेलफास्टवर होते. मधे तिचा संपर्क तुटला, पण दुपारी ती पुन्हा सापडल्यावर ध्रुवीय रात्रीत त्यांनी तिचा माग सोडला नाही आणि मागून येणाऱ्या ड्यूक ऑफ यॉर्क या ब्रिटिश युद्धनौकेला दिशा देत राहिले. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास शार्नहॉर्स्ट बुडाली. तिच्यावरच्या 1,968 माणसांपैकी 36 वाचली. मघाशी पाहिलेल्या बॉयलर-खोलीतल्या आणि गोळाखोलीतल्या माणसांनी त्या दिवशी यातलं काहीही पाहिलं नाही. त्यांना फक्त हादरे कळले आणि ध्वनिवर्धकावरून सांगितलं तेवढंच.

शिड्या जमणार नसतील तर

आई-बाबा बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर हट्टाने खाली नेऊ नका. मधल्या शिडीवर थांबलेल्या माणसाला ना वर येता येतं ना खाली, आणि मागची रांग पाहून तो आणखी घाबरतो. पिछाडीचं डेक आणि त्याच पातळीवरच्या खोल्या पाहण्यातही दीड तास छान जातो. बेलफास्ट शहराच्या लोकांनी 1948 मध्ये दिलेली चांदीची घंटा आहे, मागचे बुरूज जवळून दिसतात, बसायला जागा मिळते. चाकाच्या खुर्चीने कुठवर जाता येईल हे दाराशीच विचारा, कारण दुरुस्तीसाठी काही भाग अधूनमधून बंद असतात. घरातल्या बाकीच्यांनी दोन गट करावेत: एक खाली जाईल, एक वर थांबेल, मग अदलाबदल. स्वच्छतागृहात खाली उतरण्याआधीच जाऊन या, कारण तळातून परत यायचं म्हणजे त्याच सगळ्या शिड्या पुन्हा चढायच्या.